‘फाटक’, मूळ वेगात

ताई पळते, असं तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. अर्ध्या शहराला जिने गाडी सावकाश चालवायला शिकवली, जिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर ‘अति घाई, संकटात नेई’ असं हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं होतं, शिकाऊंच्या शेजारी बसून जिचा पाय दिवसभर जादा ब्रेकवर असायचा, त्या बाईला ‘तुम्ही पळताय’ म्हणायचं म्हणजे कमालच झाली. पण डॉक्टरने म्हटलं. तेही बेकरीच्या गोदामात, मैद्याच्या पोत्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत.

“ताई, तुम्ही पळताय,” ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवत तो म्हणाला. “सगळ्यांना वाटतं मी मागे राहतोय. तसं नाहीये. तुम्ही पुढे जाताय.”

“मी?” ताई म्हणाली. “अरे, तुला रिव्हर्स शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. आणि तू मला वेग शिकवणार?”

यात खोटं काही नव्हतं. डॉक्टर दातांचा होता, हात सोन्यासारखा होता, पण गाडीच्या परीक्षेत तो दोनदा आपटला होता आणि तिसऱ्यांदा ताईमुळे तरला होता. त्या ओळखीतूनच हा बँड उभा राहिला. डॉक्टर ड्रमवर, बेकरीवाला पुढच्या गिटारवर, गणिताचे मास्तर बास वाजवत गाणार, आणि ताई मागच्या गिटारवर. मागची गिटार म्हणजे घराचा पाया. कोणी त्याच्याकडे बघत नाही, पण तो हलला की सगळे बघतात. चौघंही पन्नाशीच्या आसपासची, बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जमायची आणि थ्रॅश मेटल वाजवायची. ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांना ते पत्र्यावर खिळ्यांची पोती ओतल्यासारखं वाटतं. ज्यांनी ऐकलंय त्यांना काही सांगायची गरज नाही.

डॉक्टरने खिशातून मेट्रोनोम काढला आणि पोत्यावर ठेवला. ते यंत्र टकटक करू लागलं. “हा मूळ अल्बमचा वेग,” तो म्हणाला. “याच्याबरोबर वाजवून दाखवा.”

ताईने थोडी टकटक ऐकली आणि हसली. “हा? या वेगात तर प्रेत स्मशानात पोचायचं नाही. तुझं यंत्र बिघडलंय.”

“यंत्र ठीक आहे, ताई.”

“मग तुझे कान बिघडलेत. मला ‘फाटक’ शिकवू नकोस. मी ‘फाटक’ तेव्हापासून ऐकतेय जेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते.”

‘फाटक’ हे त्या अल्बमचं खरं नाव नव्हे. वेष्टनावर एका कारखान्याचं बंद लोखंडी फाटक होतं आणि त्याला बाहेरून भिडलेले शंभर हात. म्हणून ताईच्या घरात त्याला ‘फाटक’ म्हणायचे, आणि पुढे बँडमध्येही तेच नाव पडलं. आठ गाणी. ताई सोळा वर्षांची असताना दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, मित्राकडून ती तबकडी एका दिवसापुरती आणली आणि कॅसेटवर उतरवून दिली. त्या कॅसेटवर ताई वाढली. तिच्याच जोरावर गिटार शिकली. थ्रॅशमध्ये मागच्या गिटारीचा खरा कस लागतो तो खालच्या फटक्यांत. तार फक्त वरून खाली छेडायची, वर येताना मोकळं यायचं, हाताची कड तारांवर दाबून धरायची, आणि हे असं गाणं संपेपर्यंत. वर-खाली दोन्हीकडून छेडलं तर काम निम्मं होतं, पण आवाजातला दणका जातो. ताईने चोरीचा तो रस्ता कधी धरला नाही. मनगट सुजलं, रात्री हात उशीवर ठेवून झोपली, पण खालचे फटके सोडले नाहीत. तिला त्याचा भारी अभिमान होता आणि तो तिने कमावलेला होता.

आता शहरातल्या जुन्या नाट्यगृहात एक कार्यक्रम ठरला होता. प्रत्येक बँडने एक जुना अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवायचा. ‘फाटक’चं नाव ताईनेच दिलं होतं. आयुष्यात एकदा, लोकांसमोर, ते आख्खं वाजवायचं, एवढी एकच हौस तिने इतकी वर्षं पोटात ठेवली होती. म्हणून डॉक्टरचं पुढचं वाक्य तिच्या काळजात घुसलं.

“माझ्याकडे कवळ्या बनवणारा एक जण आहे,” तो खाली बघत म्हणाला. “चांगली गिटार वाजवतो. यंत्राबरोबर वाजवतो. तुम्हाला जमत नसेल तर… कार्यक्रमापुरतं…”

मास्तर बासच्या खुंट्या उगाच पिळत बसले. शेवटी बेकरीवाला म्हणाला, “भांडता कशाला? मूळ तबकडी आणू, वाजवू. हातच्या कंकणाला आरसा कशाला?”

“आणा,” ताई म्हणाली. “आणि ती वाजली की डॉक्टरने सगळ्यांसमोर कान धरायचे.”

पुढच्या सुट्टीला मास्तर ती तबकडी घेऊन आले. कुठून तरी मिळवली होती, वेष्टनाचे कोपरे झिजलेले, पण फाटक तेच आणि हात तेच. बेकरीवाल्याने घरचा तबकडीचा प्लेअर आणून पिठाच्या टेबलावर मांडला. ताई हाताची घडी घालून उभी राहिली. सुई टेकली, खरखर झाली आणि पहिलं गाणं सुरू झालं.

ताईचा चेहरा पडला. गाणं तेच होतं, सूर तेच, पण सगळं जड, खालच्या पट्टीत, जणू कोणी गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवलाय. “प्लेअर हळू फिरतोय,” ती म्हणाली.

मास्तर गणिताचे. त्यांनी तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला तेहतीस आणि वर एक तृतीयांश. जितक्या हव्यात तितक्याच. ताईने पुन्हा मोजायला लावल्या. पुन्हा तितक्याच. मग तिने स्वतः मोजल्या, आणि कपटा फिरताना बघता बघता तिला आठवायला लागलं. एकदा कोणाच्या तरी फोनवर तिने हे गाणं ऐकलं होतं आणि ‘नव्या आवृत्तीत बिघडवून ठेवलंय’ म्हणून मोडीत काढलं होतं. घरी कॅसेटबरोबर वाजवताना ती तारा अर्धा स्वर चढ्या लावायची आणि त्या तुटायच्या. तार बनवणाऱ्यांना ती शिव्या द्यायची. बँडमध्ये पट्टी खाली असते ती मास्तरांच्या गळ्याला झेपावी म्हणून, असं ती इतके दिवस धरून चालली होती. साऱ्या जगाला तिने चूक ठरवलं होतं, पण कॅसेटवर संशय म्हणून कधी घेतला नव्हता.

डॉक्टरने तिला कान धरायला लावले नाहीत की टोमणाही मारला नाही. ते तिला जास्त लागलं. “होतं असं,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी त्या कवळीवाल्याला पुढच्या वेळी बोलावतो.”

“थांब,” ताई म्हणाली. “मला पंधरा दिवस दे.”

“ताई, आयुष्यभराची सवय पंधरा दिवसांत कशी जाईल?”

“ते मी बघते. तू त्याला बोलाव. गिटार घेऊन इथे बसू दे. मला जमलं नाही तर माझ्या हातातला तार छेडायचा पिक मीच त्याच्या हातात देईन.”

तिथून ती तडक दादाकडे गेली. दादाने सगळी हयात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात घालवली होती. आता दुकान बंद होतं, पण घरातल्या टेबलावर अजून कोणाचं ना कोणाचं पोट उघडलेलं यंत्र असायचंच. तळपायाची आग मस्तकात गेलेली धाकटी बहीण दारात बघून वहिनी स्वयंपाकघरात सटकल्या.

“दादा, ‘फाटक’ची कॅसेट पळते.”

“पळते ना,” दादा चष्मा वर न करता म्हणाला. “पळणारच. मीच पळवलीय.”

ताई खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, मोटार बिघडली असेल, पट्टा सैल झाला असेल, यंत्राची काहीतरी चूक असेल. हे उत्तर तिच्या हिशेबात नव्हतं.

“कॅसेट होती एक,” दादा सांगू लागला. “तिच्या एका बाजूला बाबांचे ‘सभेत धीटपणे कसे बोलावे’चे धडे. ते पुसले असते तर बाबांनी सभेत न बोलता मलाच धीटपणे झोडपलं असतं. राहिली एक बाजू. पंचेचाळीस मिनिटांची. आणि तुझं ‘फाटक’ त्याहून लांब. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटणार. मग दुकानातल्या प्लेअरला वेगाची दांडी होती ती सरकवली जराशी. तबकडी थोडी जोरात फिरली, आणि आठही गाणी बरोब्बर बसली. काय हुशारी केली म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूश होतो.”

“आणि मला सांगितलं नाहीस!”

“अगं, मला वाटलं महिन्याभरात कंटाळशील. सोळा वर्षांची पोर, आज हे आवडतं, उद्या ते. मला काय माहीत तू आयुष्यभर तेच ऐकशील!”

“तू मला खोटं ‘फाटक’ दिलंस, दादा.”

आता दादाने चष्मा काढला. “खोटं कसं? पूर्ण दिलं. गल्लीत चार जणांकडे त्याची कॅसेट होती. चौघांचंही शेवटचं गाणं मधेच तुटायचं. तुझं एकटीचं पूर्ण होतं.”

ताईला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काहीच नीट करता आलं नाही. भावाने प्रेमानेच केलं होतं, यात शंका नव्हती. पण प्रेमाने दिलेला चुकीचा पत्ता घेऊन माणूस इतकी वर्षं चालत राहिलं तर त्याने दाद कुठे मागायची? वहिनींनी आणून ठेवलेला चहा तिने उभ्या उभ्या घेतला आणि निघाली. जिन्यात मात्र तिचं ठरलं. चुकीचा पत्ता तर चुकीचा पत्ता. आता बरोबर जागी जायचं.

मास्तरांनी अल्बम तिच्या फोनवर घालून दिला आणि ताईने तो शिकवणीच्या गाडीत लावायला सुरुवात केली. स्टिअरिंगवर त्या दिवशी एक निवृत्त गृहस्थ होते. चौकाच्या अलीकडे त्यांनी घाबरत विचारलं, “मॅडम, हे गाडीतून येतंय का? काही तुटलंय का?”

“काही तुटलेलं नाही. तुम्ही रस्ता बघा.”

पहिले तीन दिवस तिला ते गाणं ऐकवेना. प्रत्येक ओळ संपायच्या आत तिच्या मनात संपलेली असायची, आणि मग खरी ओळ येईपर्यंत ताटकळायला लागायचं. तिच्या ‘फाटक’मध्ये घाम होता, आग होती, हे तिला सुस्तावलेलं वाटायचं. तिने हट्टाने बंद केलं नाही. एक शिकाऊ उतरला आणि दुसरा चढला, तरी गाणं चालूच. ऐकून ऐकून कानांचा राग थकला, आणि चौथ्या दिवशी शाळेच्या कुंपणाशी गाडी उभी असताना तिला पहिल्यांदा तो गायक ऐकू आला.

तिच्या कॅसेटवर तो पोरगा होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, चिरक्या आवाजात जगावर ओरडणारा. सोळाव्या वर्षी ती त्याच्या प्रेमातच पडली होती. इथे जो ओरडत होता तो पोरगा नव्हता. तो चांगला बाप्या होता. छातीतून आवाज येत होता आणि त्या आवाजात दमणूक होती. दिवसभर कोणाचं तरी ऐकून घेतलेल्या, संध्याकाळी फाटकाशी येऊन ते बंद बघणाऱ्या माणसाची. पोराच्या रागाला निमित्त लागत नाही. या माणसाच्या रागामागे कारण होतं. ताईने गाडीची काच वर केली आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

मग एकेक सापडत गेलं. तिसऱ्या गाण्यात दोन फटक्यांच्या मधे एक जागा होती. तिच्या कॅसेटवर ती जागा नव्हतीच, दोन्ही फटके एकमेकांना चिकटलेले. इथे त्या मोकळ्या जागेत बास खाली घसरत जायचा. पाचव्या गाण्यात ड्रमवाल्याच्या पायातलं पेडल करकरायचं. आणि गिटार! तिला वाटायचं, त्या मागच्या गिटारवाल्याचा मोठेपणा त्याच्या वेगात आहे. आता कळलं की वेग त्याच्यापाशी होताच, पण तो वापरत नव्हता. प्रत्येक फटका तो पुढच्या फटक्याच्या हवाली करायच्या आधी पूर्ण वाजवत होता. घाई नाही, भीती नाही. ताईने आयुष्यात शंभरदा तरी शिकाऊंना सुनावलं होतं की जोरात कोणीही पळवतं, माणसाच्या चालीने चढावर गाडी नेऊन दाखव, मग तुला गाडी येते. आणि हीच गोष्ट तिच्या सर्वांत लाडक्या अल्बममध्ये बसलेली होती, तिला पत्ताही नव्हता. तिला आनंद झाला. इतका, की त्या आनंदात आधीचा राग कुठे गेला तेही कळलं नाही.

पण कानाला कळलं म्हणून हाताला कळतं थोडंच! हात म्हणजे जुना नोकर, मालक बदलला तरी तो आपल्याच पद्धतीने झाडू मारणार. रोज सकाळी स्कूल उघडायच्या आधी ती गॅरेजमध्ये गिटार घेऊन बसायची आणि मेट्रोनोम लावायची. आधी अर्ध्या वेगात. मग त्याहून किंचित वर. एकेक ओळ, पुन्हा तीच ओळ. जरा लक्ष ढळलं की मनगट उधळायचं आणि टकटकीच्या पुढे जायचं. ती थांबायची. पहिल्यापासून. तोंडाने फटके मोजायची, पाय जमिनीवर दाबून धरायची. चूक झाली की स्वतःला शिकाऊसारखं झापायची: “कुठे आग लागलीय? समोर बघ.” झाडलोट करणारी मावशी एकदा दारातून डोकावून गेली आणि मॅडम एकट्याच कोणाला तरी गाडी शिकवतायत असं तिने बाहेर सांगितलं.

वेगात वाजवताना जी चूक झाकली जायची ती इथे उघडी पडत होती. एक फटका पातळ लागला, तर तो पातळ म्हणूनच ऐकू यायचा. जिला लोक मनगटाची राणी म्हणायचे तिला कळलं की पाचव्या गाण्यातली एक वळणाची जागा तिने कधी धड वाजवलीच नव्हती. नुसती उडी मारून पलीकडे जात होती. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं एका सकाळी तिने वैतागून स्वतःलाच म्हटलं. मग म्हणाली, असू दे वाकडं, नळी काढायचीच नाही. आणि पुन्हा सुरुवात केली.

पंधरा दिवसांनी गोदामात कवळीवाला खरोखरच हजर होता. लाजाळू, सज्जन माणूस. गिटार मांडीवर घेऊन साखरेच्या पोत्यावर अंग चोरून बसला होता. ताईने त्याला पाणी विचारलं आणि स्वतःच्या जागी उभी राहिली.

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या गाण्यात मास्तरांचा बास त्या मोकळ्या जागेतून घसरला तेव्हा मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. आजवर त्यांना ती जागा मिळालीच नव्हती. ताई ती खाऊन टाकायची. सात गाणी धड गेली. आठवं सुरू झालं. तेच शेवटचं, सर्वांत लांब, सर्वांत अवघड, ताईचं सर्वांत लाडकं. आणि मधे सगळी वाद्यं क्षणभर थांबून दम घेतात आणि मग जिथे सगळे एकदम तुटून पडतात, तिथे तिचा हात सुटला. दोन ओळी, फार नाही. पण सुटला.

डॉक्टरने काड्या खाली ठेवल्या. “ताई, सात गाणी खरंच कमाल होती. पण हे गाणं पडलं तर आधीची सात पाण्यात जातील.”

बेकरीवाला म्हणाला, “अरे, दोन ओळी रे!”

“लोकांसमोर दोनाच्या वीस होतात.”

ताईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सहसा मूग गिळून बसायचे, पण आज बोलले. “मला माझी बासची जागा यांच्यामुळे मिळाली. मी यांच्याबरोबर वाजवणार.”

ताईने कपाळाचा घाम पुसला. “डॉक्टर, ऐक. कार्यक्रमात मी या गाण्यात एकदा जरी पळाले तर तिथल्या तिथे गिटार खाली ठेवून स्टेजवरून उतरेन, आणि पुन्हा तुमच्यात वाजवायला येणार नाही. याला,” तिने कवळीवाल्याकडे बोट केलं, “बाजूला उभा ठेव.”

“असं काही नको, ताई.”

“असंच. मी बोलले ते बोलले.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं. पोटावर न बसणारे जुने काळे शर्ट घालून माणसं आली होती, टकलं चमकत होती, बायका कानांत कापसाचे बोळे घेऊन आल्या होत्या. पुढच्या रांगेत दादा होता. कवळीवाला पडद्याच्या कडेला गिटार गळ्यात घालून उभा होता, आणि ताईपेक्षा तोच जास्त घाबरलेला दिसत होता.

सात गाणी गेली, आणि ताईला त्यातलं प्रत्येक गाणं आतून बघायला मिळालं, तिच्या जुन्या घाईत कधी न दिसलेलं. आठव्याच्या सुरुवातीला मास्तर गायले तेव्हा त्यांच्या आवाजात तोच दमलेला बाप्या उतरला. मग तो मधला दम आला. चौघं थांबली. सभागृहही थांबलं. आणि सगळे एकदम तुटून पडले.

हात सुटला, पण तो डॉक्टरचा. लोकांच्या आरोळीने त्याच्या अंगात वारं भरलं आणि तो सुसाट निघाला. चार फटक्यांतच ताईने वेग ओळखला. ओळखणार नाही तर काय? तो तिच्या कॅसेटचा वेग होता. तिच्या मनगटात तो जन्मापासून असल्यासारखा होता. मनगटाने उसळी खाल्लीच. चल, ते म्हणालं. हे आपलंच घर आहे. आणि वर आणखी एक गोष्ट तिला लख्ख दिसली: तिने डॉक्टरला साथ दिली, तर दहा ओळींत तो स्वतःच धापा टाकत कोसळेल, मास्तर मागे पडतील, बेकरीवाल्याची बोटं एकमेकांत अडकतील, आणि या स्टेजवर एकटी ताई उभी राहील. कोण पळतं आणि कोणाला पळता येतं, ते सगळ्या शहराला दिसेल. शिवाय ‘ताई पळाली’ असं कोणी म्हणूही शकणार नाही.

मोह मोठा होता. खोटं कशाला, तिला त्या क्षणी डॉक्टरला धडा शिकवायची मनापासून इच्छा झाली.

पण गाणं मोडलं असतं. इतक्या वर्षांनी जे गाणं तिला खरं सापडलं होतं, ते तिच्याच हातून, लोकांसमोर, मोडलं असतं. ताईने पाय फळीवर रोवला, मान खाली घातली आणि डॉक्टरच्या मागे गेली नाही. खालचा फटका, पूर्ण. पुन्हा खालचा फटका, पूर्ण. काही ओळी भयंकर गेल्या. ड्रम एकीकडे, गिटार दुसरीकडे. पुढच्या रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बेकरीवाला गांगरला. मास्तरांनी एकदा डॉक्टरकडे बघितलं, एकदा ताईकडे, आणि येऊन ताईच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. बास तिच्या फटक्यांत येऊन बसला. मग बेकरीवाला आला. आता तिघं एका बाजूला होती आणि ती तसूभर हलत नव्हती.

ताई वळली आणि तिने डॉक्टरच्या डोळ्यांत पाहिलं. रागाने नाही. शिकाऊचे हात थरथरायला लागले की ती ज्या नजरेने बघायची, त्या नजरेने. डॉक्टरने एक फटका गिळला. मग आणखी एक. आणि तो परत आला.

त्यानंतर जे वाजलं ते वाजवताना ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिने ते तसंच वाहू दिलं. शेवटचा सूर चौघांनी मिळून धरला, विरेपर्यंत धरला, आणि मग नाट्यगृह उठून उभं राहिलं.

पडद्यामागे आल्यावर कवळीवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकून गिटार पेटीत ठेवली आणि सगळ्यांच्या आधी ताईचे हात हातात घेतले. डॉक्टर ओल्याचिंब शर्टाने एका खोक्यावर बसला होता, खाली बघत.

“मी पळालो,” तो म्हणाला.

“हो,” ताई म्हणाली.

“तुम्ही माझ्याबरोबर आला असतात तर मी पडलो असतो.”

“हो.”

त्याने मान वर केली. आवाजात आता वाद नव्हता, गाडीत पहिल्यांदा बसलेल्या माणसाने विचारावं तसं त्याने विचारलं, “ताई, पुढच्या वर्षी कुठला अल्बम घ्यायचा? तुम्ही सांगाल तो.”

ताईने गिटार गळ्यातून काढली नव्हती. डाव्या हाताने ती अजून पाचव्या गाण्यातलं ते वळण तारांवर चाचपत होती.

“हाच,” ती म्हणाली. “अजून कुठे नीट आलाय?”